घर, चूल आणि पाळणा

श्रोतेहो, आपल्याकडे एक म्हण आहे : ज्याने चोच दिली, तो चाराही देईल. लेकरांचा विषय निघाला की वडीलधारी माणसे ती हटकून ऐकवतात. म्हण खोटी आहे असे कोण म्हणेल? पण तिच्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. चोच देवाची, चाराही देवाचा. घरटे मात्र पाखराला स्वतःच बांधावे लागते. चिमणी आधी काडी-काडी जमवते, आणि मग अंडे घालते. हा क्रम तिला कोणी शाळेत शिकवलेला नसतो.

माणसाचे काय? राहायला जागा कशी आहे, किती आहे, कोणाच्या नावावर आहे, याचा आणि घरात पाळणा हलण्याचा काही संबंध आहे का? प्रश्न साधा दिसतो. पण इतिहासात जरा खोल शिरले की ध्यानात येते, की लग्न केव्हा करायचे, नवरा-बायकोने एकत्र राहायचे की दूर, मूल कुठे जन्मायचे, इतकेच काय, जन्मलेले मूल जगायचे की नाही, या साऱ्या गोष्टींवर घराने आपला शिक्का उमटवलेला आहे. हीच हकीकत आज तुमच्यापुढे मांडायची आहे. आणि तिची सुरुवात करायची आहे ती एका गुहेपासून.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला सालेकसा तालुका आहे. नागपूरहून रायपूरकडे, पुढे थेट हावड्याकडे जाणारी रेल्वे तिथल्या डोंगरांतून वाट काढते. दरेकसा स्टेशनावर उतरले की धनेगावच्या बाजूला, रानात, कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा लागते. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून तर माणसे येतातच, पण छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण इथूनही येतात. गोंडी धर्माचे, म्हणजे कोया पुनेमचे, हे मूळ ठिकाण मानले जाते.

यात्रेत सांगितली जाणारी कथा अशी. काली कंकाली मातेची लेकरे फार खोडकर निघाली. जंगो रायताड या मातेने त्यांना आपल्या आश्रयाला घेतले, पण त्यांच्या खोड्या काही थांबेनात. शेवटी शंभूने त्यांना या गुहेत कोंडले आणि तोंडाशी भली मोठी शिळा लावली. आईने टाहो फोडला. मग पारी कुपार लिंगो हा ज्ञानी पुरुष पुढे आला, त्याने हिरासुका पाटालीर या वादकाला बरोबर घेतले. वाद्याच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, शिळा ढळली, मुले बाहेर पडली. हिरासुका मात्र त्याच शिळेखाली सापडून गेला. पुढे लिंगोने या मुलांना शिकवले, त्यांच्या शाखा पाडल्या, आणि त्यांच्यापासून गोंडांची गोत्रे झाली.

ही कथा कागदावर उतरल्यालाही आता दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे एक मिशनरी होते. त्यांनी परधानांच्या तोंडून लिंगोचे गीत उतरवून घेतले. परधान म्हणजे गोंडांचे गायक आणि परंपरा सांभाळणारे. १८६३ साली हिस्लॉप वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्या पाठात तपशील थोडे निराळे आहेत. तिथे महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, चार भाऊ तेवढे निसटून काचीकोपा लोहागड या ठिकाणी जातात, आणि पुढे लिंगो बाकीच्यांना सोडवतो. कचारगड म्हणजेच ते लोहागड, अशी आज समाजाची श्रद्धा आहे.

आता या गीतातला एक क्रम पाहा. गुहेतून सुटल्यावर लिंगो लोकांना लगेच संसार थाटायला सांगत नाही. आधी रान साफ होते, घरे उभी राहतात, वस्ती बसते. त्यानंतर शाखा पडतात, कोणी कोणाशी सोयरीक करायची ते ठरते, आणि मग लग्ने लागतात. कोंडलेल्या लेकरांची ही कथा म्हणजे एका परीने घराचीच कथा आहे. आधी छप्पर, मग शाखा, मग संसार. ज्यांनी हे गीत पिढ्यान्‌पिढ्या गायले, त्यांच्या मनात हा क्रम पक्का असला पाहिजे.

आणि त्यांच्या जगण्यातही तो होता. गोंडाचे जुने घर डोळ्यांपुढे आणा. लाकडाचे खांब, बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर मातीचा आणि शेणाचा लेप, वर गवताचे नाहीतर कवेलूचे छप्पर. यातली एकही वस्तू बाजारातून आणावी लागत नसे. लाकूड आणि बांबू रानात, माती शेताच्या बांधावर, गवत माळावर. लागत असे ती मेहनत, आणि तीही एकट्याची नव्हे. गावातली चार माणसे हात लावत, घरधनी त्यांना जेवू घाली. मुलगा कर्ता झाला, त्याचे लग्न झाले, की बापाच्या घराशेजारी त्याच आवारात दुसरी झोपडी उभी राहू शके. घर ही अडचण नव्हती. अडचण असे ती वधूमूल्याची. ज्याच्याजवळ ते नसे, तो पोरगा होणाऱ्या सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबत असे. त्याला लमसेना म्हणत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या चालीची नोंद आहे. म्हणजे असे, की संसाराला उशीर झालाच तर तो देण्याघेण्यापायी होई, छपरापायी नव्हे.

झोपडी मात्र लहान असे, बहुधा एकाच खोलीची. मग वाढती मुले आणि आईबाप यांनी एका छपराखाली रात्र कशी काढायची? गोंडी समाजाच्या काही शाखांनी याला जे उत्तर काढले ते जगभरच्या अभ्यासकांना नवलाचे वाटले. ते म्हणजे गोटुल. गडचिरोलीत आणि त्याला लागून असलेल्या बस्तरात गोटुलाची परंपरा आहे. गावातली अविवाहित मुले, आणि मुरियांमध्ये मुलीसुद्धा, रात्री गोटुलात जमत. तिथे गाणी, नाच, गोष्टी, गावाच्या कामाची वाटणी, वडिलांचा मान कसा राखायचा याचे धडे, सारे चाले. गोटुलाची स्थापना लिंगोनेच केली असे परंपरा मानते. वेरिअर एल्विन यांनी मुरियांच्या घोटुलावर १९४७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुरियांची एक समजूत त्यांनी नोंदवली आहे. ती अशी, की जाणती मुले जवळ असताना आईबापांनी एकांत साधणे हे नीतीला धरून नाही. म्हणून मुलांनी रात्री घराबाहेर, पण गावाच्या नजरेत राहावे.

शहाण्या लोकांनी गोटुलाविषयी नाही नाही ते लिहिले. पण घराच्या बाजूने पाहिले तर त्यात किती व्यवहार आहे पाहा! घर लहान आहे हे गावाने मान्य केले, आणि गावानेच एक सामाईक खोली बांधून दिली. घराची जी खोली कमी पडत होती, ती गावाने पुरवली. आईबापांना एकांत मिळाला, मुलांना शिक्षण मिळाले, आणि कोणा एकट्याच्या कमाईवर भार पडला नाही.

याच्याशी युरोपातली चाल ताडून पाहण्याजोगी आहे. जॉन हाजनल नावाच्या अभ्यासकाने १९६५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखवले, की पश्चिम युरोपात कितीतरी शतके मुले-मुली बऱ्याच उशिरा लग्न करीत, आणि काही जण तर जन्मभर अविवाहित राहत. कारण काय? तिकडे रीत अशी होती की लग्न करायचे म्हणजे वेगळे घर आणि वेगळी चूल मांडायची. ती ऐपत येईपर्यंत तरुण माणूस दुसऱ्याच्या घरी चाकरी करी, पैसा गाठीला बांधी. घर नाही तर लग्न नाही, आणि लग्न नाही तर लेकरू नाही. घरानेच तिकडे पाळणा लांबवला.

आपल्या मराठी मुलखात, एकत्र कुटुंबात, नेमकी उलट रीत. सून यायची ती सासूच्या चुलीपाशी. नवे घर बांधण्याचा प्रश्नच नाही; आहे त्या घरात एक पान वाढले. बायका माजघरात, पुरुष ओसरीवर, आणि नव्या जोडप्याला जमेल तसा आडोसा. घर नसल्यामुळे लग्न अडले नाही, म्हणून लग्ने लवकर झाली आणि मुलेही लवकर झाली. गोंडांची रीत या दोहोंच्या मधली. घर वेगळे, पण ते बांधायला पैसा लागत नव्हता.

हे असे किती काळ चालावे? तर रान आपले होते तोवर. १८७८ चा वनकायदा आला आणि सरकारने राखीव जंगले आखायला सुरुवात केली. काल जे लाकूड सहज तोडून आणत होतो, त्याला आज परवानगी हवी झाली. आपल्या झाडीपट्टीत निस्तार हा शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे. घरापुरते लाकूड, बांबू, सरपण, चराई यांचा गावाचा हक्क म्हणजे निस्तार. एकेकाळी जी नुसती वहिवाट होती, तिची कागदावर नोंद आणि हद्द झाली. पुढे १९५१ साली मालगुजारी गेली, १९५६ साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, आणि जुन्या हक्कांना पुन्हा मान्यता मिळू लागली. पण दरम्यानच्या सव्वाशे वर्षांत एक मोठा फरक पडून गेला होता. घर ही मेहनतीची वस्तू होती, ती पैशाची वस्तू झाली.

घर पैशाचे झाले म्हणजे माणसाच्या संसाराचे काय होते, हे बघायचे असेल तर जिथे रानही नाही आणि मोकळी जागाही नाही अशा ठिकाणी गेले पाहिजे. महाराष्ट्रात असे ठिकाण एकच, मुंबई. तिथल्या गिरणगावाचा इतिहास आपल्या प्रश्नाचे अगदी उघड उत्तर देतो.

१८५६ साली मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आणि कोकणातून माणसांची रीघ लागली. काम होते, राहायला जागा नव्हती. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा दाटीवाटीच्या वस्तीचा धोका सरकारला उमगला. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी ट्रस्ट नेमला गेला. १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड या भागांत चाळी बांधल्या, त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. अशा २०७ चाळी झाल्या. खोली केवढी? १६० चौरस फूट. आणि एवढी खोली मिळणे हेही भाग्याचे समजत. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिच्यात शंभरातली ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत असलेली आढळली.

आता त्याच १९२१ सालच्या खानेसुमारीकडे वळू. मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे बायका होत्या ५२५ च्या आसपास. म्हणजे पुरुष दोन, तर बाई एक! आणि त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात बायकांची संख्या पुरुषांहून जास्त भरत होती. या दोन आकड्यांत हजारो घरांची कथा साठली आहे. नवरा मुंबईला, बायको गावाला. एकेका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घ्यायची, तिच्यात भिंतीला आपापल्या ट्रंका लावायच्या, पाळीप्रमाणे झोपायचे, आणि जेवायला खानावळीत जायचे. या खोलीत बायको आणायची कुठे? शिमग्याला नाहीतर गणपतीला रजा मिळाली तर गाठभेट, एरवी मनीऑर्डर आणि पत्र.

तेव्हा मूल केव्हा व्हावे, हा निर्णय त्या नवरा-बायकोने बसून घेतलेला नव्हता. तो घेतला होता खोलीच्या भाड्याने आणि गिरणीच्या रजेने. ज्या बायका मुंबईत नांदत होत्या, त्यांतल्याही पुष्कळ बाळंतपणाला गावी जात. खोलीत बाळंतिणीला आडोसा नाही, शेकशेगडीला जागा नाही, पाण्याचा नळ खाली चौकात. बाळ जन्मायचे ते आजीच्या घरी, सारवलेल्या जमिनीवर. शहराला हात हवे होते, पण त्या हातांना जन्म देण्याचा आणि वाढवण्याचा भार शहराने गावाच्या घरांवर टाकला होता.

आणि जी बाळे त्या खोल्यांत राहिली त्यांचे काय झाले? मुंबईच्या १९२१ सालच्या नोंदी वाचताना अंगावर काटा येतो. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांत, दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बालके ८२८. दोन खोल्यांच्या घरांत ३२२. तीन खोल्यांत १९१. चार किंवा अधिक खोल्यांत १३३. शिक्षक मंडळींनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण आकडा वाचताना नेहमी डोळे उघडे ठेवावे लागतात. गावी जन्मलेले बाळ आई मुंबईला घेऊन येई आणि ते इथे दगावे, तर मृत्यू मुंबईच्या वहीत लागे, जन्म मात्र लागत नसे. त्यामुळे ८२८ हा आकडा खऱ्याहून फुगलेला आहे. पण तो कितीही खाली आणला, तरी खोल्या वाढतील तशी बाळे जगतील हा पायऱ्यांचा हिशेब काही पुसला जात नाही. अर्थात खोलीबरोबर दारिद्र्य, अपुरे अन्न, घाण पाणी, आईचे गिरणीतले काम, हेही आलेच. घर एकटे मारत नाही. पण या सगळ्यांना एका जागी कोंडून ठेवते.

इथे कोणी विचारील, की जागा एवढी अपुरी, तर चाळीत मुले कमी का झाली नाहीत? प्रश्न रास्त आहे. जिथे बायको बरोबर होती, तिथे एका खोलीत पाच-सहा लेकरेही असत. याचे कारण असे, की ज्या घरात दोन बाळे हाताने पुरावी लागली आहेत, तिथे आई तिसऱ्याला आणि चौथ्याला नको म्हणत नाही. किती उरतील याची खात्री नसली की किती व्हावीत याचा हिशेब मांडताच येत नाही. शिवाय नको म्हणायचे ठरवले, तरी ते साधावे कसे, हे सांगणारे कोण होते? त्याच १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केला होता. गरिबीच्या घरात वारंवार येणाऱ्या बाळंतपणांनी बाईचे हाल होतात, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. ठराव ५२ विरुद्ध ११ मतांनी पडला. पुढे स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा तोच विचार सरकारी धोरण झाला.

पण श्रोतेहो, धोरण झाले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. घर आणि मूल यांची सांगड उलट्या बाजूनेही घालता येते, आणि ती किती क्रूर होऊ शकते याचा दाखला आपल्या देशाच्या राजधानीतच आहे. १९७५ ते १९७७ ही आणीबाणीची वर्षे. दिल्लीत झोपडपट्ट्या पाडल्या जात होत्या आणि लोकांना शहराबाहेर वसवले जात होते. त्या वसाहतींत जागेचा तुकडा हवा असेल, किंवा असलेला कायम व्हावा असे वाटत असेल, तर नसबंदीचा दाखला आणा, असा व्यवहार १९७६ साली सर्रास चालला. काहींनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली, काहींनी आपल्याहून गरीब माणसाला पैसे देऊन पुढे केले. एमा टारलो या अभ्यासिकेने तिथले सरकारी कागद आणि लोकांच्या आठवणी तपासून २००३ साली या गोष्टीवर ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातही १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही.

गोटुल बांधणारे गाव म्हणत होते : तुझे घर लहान आहे, घे, आम्ही एक खोली देतो. दिल्लीतली कचेरी म्हणत होती : तुला घर हवे ना, मग आधी तुझे पुढचे मूल आमच्या हवाली कर. घर कमी आहे हे दोन्हीकडे सारखेच. पण एकीकडे निर्णय आईबापांकडे राहिला, दुसरीकडे तो त्यांच्या हातातून काढून घेतला गेला. मला वाटते, या साऱ्या इतिहासाचे सार एवढ्यात आले. घर मुलांची संख्या ठरवत नाही. ती ठरवण्याचे बळ माणसाच्या हाती राहते की नाही, एवढे मात्र घर ठरवते.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९६० च्या सुमारास या देशात एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाची सरासरी २.० निघाली, महाराष्ट्राची १.७. हा बदल कोणा एका कारणाने झालेला नाही. मुली शिकल्या, बाळे जगू लागली, दवाखाने आले, साधने आली. पण त्याबरोबर हेही खरे, की आज शहरातले जोडपे मुलाच्या आधी घराचा हप्ता मोजते. ज्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांत पिढ्या वाढल्या, त्यांच्या पुनर्विकासात आता ५०० चौरस फुटांची घरे ठरली आहेत. जागा तिप्पट झाली, आणि तिच्यात राहणाऱ्या मुलांची संख्या मात्र रोडावली!

खेड्यातही वारे बदलले आहे. सोयरिकीला आलेली माणसे पूर्वी शेती किती, बैल किती, हे विचारत. आता ती आधी घराकडे नजर टाकतात. भिंत कुडाची की विटांची, वर कवेलू की स्लॅब, संडास आहे की नाही. आणि यात त्यांचे काही चुकते असे म्हणवत नाही. आपल्या लेकीचे बाळंतपण कुठे होणार, पावसाळ्यात तिचे बाळ कोरड्या जागी निजणार की नाही, हेच तर ती माणसे विचारत असतात.

सरकारने याची दखल घेतली आहे. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ पासून तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याने शबरी घरकुल योजना काढली. प्रधानमंत्री योजनेच्या नियमाप्रमाणे घर किमान २५ चौरस मीटरचे हवे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसह. घर शक्यतो बाईच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. हा मुद्दा लहानसा समजू नका. ज्या छपरावर बाईचे नाव आहे, त्या छपराखाली पाळण्याविषयी बोलताना तिचा आवाज थोडा तरी मोठा निघतो.

पण एक गोष्ट इथे तपासून पाहिली पाहिजे. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुले. मुलाचे लग्न झाले की कागदोपत्री तो वेगळे कुटुंब होतो, यादीत नाव लागेपर्यंत मात्र तो बापाच्याच २७० चौरस फुटांत राहतो. यादी वर्षानुवर्षे पुढे सरकत नाही. जुन्या काळी त्याने चार मित्र घेऊन रानातून बांबू आणला असता आणि पावसाळ्याआधी झोपडी उभी केली असती. आज तेही सहज होत नाही, आणि सरकारचे घरही पदरात नाही. मग धानाची कापणी आटोपली की जोडपे कामाच्या शोधात नागपूर, रायपूर, हैदराबाद गाठते आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोपटात राहते. दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्या आईचे तान्हे बाळ वाळूच्या ढिगाशेजारी झोळीत निजलेले असते. गिरणगावाची जुनी कथा नव्या जागी अशी पुन्हा सुरू होते.

म्हणून ग्रामसभेत घरकुलाच्या यादीचा विषय निघतो, तेव्हा तो नुसता विटा-सिमेंटचा विषय समजू नये. यादीतले प्रत्येक नाव म्हणजे एखाद्या जोडप्याचे थांबलेले किंवा अर्धवट राहिलेले आयुष्य असते. नव्याने लग्न झालेल्यांची नावे वेळेवर वेगळी लागतात का? घर बाईच्या नावाने निघाले का? निस्ताराचा आणि वनहक्काचा बांबू घर बांधायला मिळतो का? गावातली बाळंतीण पावसाळ्यात कुठे निजते? हे प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘किती मुले आहेत रे तुला?’ असे गरिबाला दरडावून विचारणारे पुष्कळ भेटतात. ‘तुला खोल्या किती?’ असे विचारणारे फार थोडे.

शिक्षक बंधुभगिनींना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या वर्गातल्या मुलांना आपापल्या घराचा इतिहास लिहून आणायला सांगा. घर कोणी बांधले, कोणत्या साली, लाकूड कुठून आणले, चूल केव्हा वेगळी झाली, आजीचा जन्म कुठल्या घरात झाला, आईचा कुठे, आपला कुठे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर मुले आनंदाने वहीची दोन-चार पाने भरून आणतील. अशा पन्नास वह्या एकत्र केल्या तर गावाचा इतिहास तयार होईल, आणि राजेरजवाड्यांच्या सनावळीत जो सापडत नाही असा इतिहास मुलांना स्वतःच्या उंबरठ्यावर सापडेल. हे करताना कोणाचे घर लहान म्हणून त्या पोराला कमीपणा वाटणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या. कुडाचे घर उभारणारी माणसे कारागीर होती, हे आधी सांगा.

कचारगडच्या कथेतली शिळा एकट्या लिंगोने हलवली नाही. बाहेरून वाद्याचा सूर आला, आतून लेकरांनी जोर लावला, आणि ती ढळली. घराचा प्रश्न असाच आहे. बाहेरून सरकारचा आणि समाजाचा हात हवा, आतून माणसाची स्वतःची इच्छा हवी. दोन्ही असले म्हणजे किती लेकरे हवीत हे ज्याचे त्याला, आणि जिचे तिला, नीट ठरवता येते. आणि जी येतील त्यांना अंगाई म्हणायला कोरडी, उजेडाची, आपल्या नावाची जागा मिळते.